फळीवरचा जॉब

मी गाव सोडलं त्या दिवशी माझी बॅग हेमराजनं उचलली होती. तुमसर रोडच्या फलाटावर बाबा होते, माय होती, मायचा पदर धरून उभी असलेली आठ वर्षांची माझी बहीण शीतल होती, आणि माझ्या सामानाखाली वाकलेला हेमराज. मायनं घरच्या धानाचा तांदूळ पिशवीत भरून तोंड शिवून दिलं होतं, जसा काही पुण्यात तांदूळ मिळतच नाही. ती पिशवीही हेमराजच्याच खांद्यावर. गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "हाताले काम शिकव, देवा. बाकी सारं मागून येते." हेमराजनं नुसता डावा हात वर केला. खरं म्हणजे गाडीत त्यानं बसायचं होतं आणि पिशवी घेऊन खाली मी उभं राहायचं होतं. हे त्या फलाटावर आम्हा दोघांनाच माहीत होतं.

तुम्ही जे आपल्या गावी, सिहोऱ्यात राहिलात, आणि जे माझ्यासारखे चाकणला, सुरतेला, हैदराबादला गेलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. मी, देवा, जळका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. शाळेत मी दुसऱ्याच्या डब्यातल्या भाजीवरसुद्धा जळायचो. पण हेमराजवर जळलो तेवढा कोणावर जळलो नाही. ज्याचं आपणच नुकसान केलं त्याच्यावर जळत बसणं किती निर्लज्जपणाचं आहे ते मला कळतं. कळून काही उपयोग होत नाही.

आम्ही दोघं सिहोऱ्याचे, एका वर्गातले, आणि तुमसरच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला एकाच बेंचवर. फिटरचं सगळं शिक्षण लोखंड घासायच्या एका कानशीत असतं. लोखंडाच्या दोन पट्ट्या द्यायच्या. एकीला चौकोनी जीभ काढायची, दुसरीला तिच्या मापाची खाच. मग जीभ खाचेत बसवायची आणि ही जोडी, म्हणजे जॉब, उजेडासमोर धरायची. फटीतून उजेड दिसला की जॉब गेला. हेमराजच्या जॉबमधून उजेड दिसत नसे. तो डावखुरा होता, त्यामुळे त्याच्या कानशीच्या रेघा आमच्या सगळ्यांच्या उलट बाजूला झुकायच्या. सर थट्टेनं म्हणायचे, चोरी केलीस तर तू लगेच पकडला जाशील.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पुण्याहून एका कंपनीचे दोन साहेब अप्रेंटिस निवडायला येणार होते. प्रत्येकानं आपला जॉब टेबलावर मांडायचा, असा हुकूम होता. आदल्या दिवशी माझी जीभ खाचेत शिरत नव्हती. मी चिडून हातोडी उचलली तसा हेमराज म्हणाला, "काहून ठोकून राहिला बे? आण इकडं." त्यानं माझी जीभ चारही बाजूंनी घासली, मग खाच घासली, आणि आयटीआय सुटायच्या आत माझ्या जॉबमधला उजेड बंद करून टाकला. मी त्याला चहा पाजला. तेव्हा मला वाटलं, झाली फिटंफाट.

दुसऱ्या दिवशी आमचे सर नेमके रजेवर. साहेबांनी एकेक जॉब खिडकीकडे धरून पाहिला आणि आमचे दोन बाजूला काढले. एक साहेब म्हणाले, "हे दोन्ही एकाच हातचे आहेत. कोणी कोणाकडून करून घेतला?" हेमराजनं माझ्याकडे पाहिलं. त्याला फक्त डाव्या हातानं कानस उचलून दोन हात मारून दाखवायचे होते. पण माझ्या जॉबवर बोट ठेवून मी आधी बोललो. "हा माझा आहे सर." एवढंच. खोटं पूर्ण नव्हतं, लोखंड माझं होतं. हेमराज गप्प राहिला आणि साहेबांनी अर्थ लावला, की दोन्ही जॉब मीच केले. यादीतून त्याचं नाव गेलं, माझं राहिलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "जाऊ दे. मी बोललो असतो त दोघायचंही गेलं असतं." मी मान हलवली. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

जॉब मी घरी आणला. बाबांनी तो दोन्ही हातांत घेऊन पाहिला आणि देवघराच्या फळीवर ठेवला. आल्यागेल्याला ते तो उजेडासमोर धरून दाखवायचे. "माह्या पोट्ट्याच्या हातचा हाय. याच्यानंच पुण्याले गेला थो."

पुण्याला म्हणजे चाकणला. तिथं आम्हा ट्रेनींना वेगळ्या रंगाचा शर्ट होता, म्हणजे कोणाला महत्त्वाचं काम सांगायचं नाही ते लांबूनच कळावं. माझ्या वाट्याला चार बोल्ट आले. गाडीचा एक भाग पट्ट्यावरून सरकत यायचा, मी चार बोल्ट लावायचे, हवेवर चालणारी गन टेकवायची, ती टक् म्हणाली की पुढचा. शिफ्ट बदलायची, बोल्ट बदलायचे नाहीत. ट्रेनिंग डायरीत मात्र दर आठवड्याला नवं काम शिकल्याचं लिहायचं असायचं. मी छान अक्षरात लिहायचो, सुपरवायझर न वाचता सही करायचा. पूर्ण वर्षात कानस माझ्या हातात एकदाही आली नाही. पुढे मला तिथंच घेतलं, आज मी लाईन लीडर आहे. बायोमेट्रिक, टार्गेट, सेफ्टी शूज, वन रूम किचनचा फ्लॅट, सगळं आहे. आता माझ्या हाताखाली ट्रेनी पोरं चार बोल्ट लावतात आणि त्यांच्या डायऱ्यांवर मी सही करतो.

हेमराजला तुमसरच्या एका राईस मिलमध्ये अप्रेंटिसशिप मिळाली, म्हणजे इतर कुठं मिळाली नाही म्हणून मिळाली. सुरुवातीला मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी कंपनीच्या बसनं जाणार आणि तो तुसाच्या धुळीत खोकणार. पण तिथले म्हातारे मिस्त्री त्याला हाताला धरून शिकवत गेले. धानाचं साल काढणारे रबराचे रोल किती जवळ आणायचे, पट्टा कधी ताणायचा, तांदळाची मूठ तळहातावर पसरून त्यात कणी किती आहे ते पाहून मशीनला काय दुखतंय ते कसं ओळखायचं. मिस्त्री थकले, आणि कुठलीही मिल अडून बसली की लोक हेमराजला बोलवायला लागले. आधी तुमसरचे, मग सिहोऱ्याचे, मग पार तिकडे साकोलीकडच्या एकोडीहून गाडी पाठवून.

हे सगळं मला कळायचं ते बाबांच्या फोनवरून. "हेमराजनं आपली मोटर दुरुस्त करून देल्ली." "हेमराज आल्ता, तुयी माय त्याले जेवूनच जा म्हणे." "हेमराजचं नाव काढलं का मिलवाले खुर्ची देतेत." मी इकडे हं हं करायचो आणि काहीतरी काम सांगून फोन ठेवायचो. माझ्या घरी, माझ्या ताटात, माझ्या मायच्या हातची लाखोरीची डाळ तो जेवत होता. दसऱ्याला मला रजा मिळायची नाही. सोनं द्यायला माझ्या दारात पहिला तो यायचा, त्याच फळीखाली बसून चहा प्यायचा. मला वाटायचं, हा मुद्दाम येतो. वर जॉबकडे बघून मनातल्या मनात हसत असेल.

शीतलनं आयटीआयला फिटर घेतलं तेव्हा मी खूश झालो. अप्रेंटिसशिपची वेळ आली तशी मी एचआरच्या मागे लागून तिची चाकणला जागा पक्की केली, कंपनीच्याच मुलींच्या होस्टेलमध्ये सोय पाहिली. फोन केला तर ती म्हणाली, "दादा, मी हेमराजदादाच्या मिलमधी करून रायली ना ट्रेनिंग. बाबा बी हो म्हनते." मी तिला बाबांकडे फोन द्यायला लावला. ते म्हणाले, "थ्या पोरीच्या हाताले काम आलं पायजे." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यामुळे ते बोलणं मला जास्तच लागलं. अंगाचा तिळपापड झाला, आणि यंदा मी भांडूनच दसऱ्याची रजा काढली. तिला सोबत घेऊनच परत यायचं ठरवून निघालो.

नवं धान यायच्या आधी मिल उघडून साफ करतात, दुरुस्त करतात. मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी थेट मिलमध्ये गेलो तेव्हा मशीन जोडून नुकतंच चालू केलं होतं. शीतल लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावून उभी होती, डोळे मिटलेले. हेमराज बाजूला हात बांधून. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "इकडचा चांगला हाय. तिकडचा घासून रायला." तो म्हणाला, "मंग खोल." त्यानं तपासूनसुद्धा पाहिलं नाही. मला बघून त्याला आनंद झाला, खरोखर झाला, आणि त्यानं स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी कानाला लावला. मला नुसता गडगडाट ऐकू आला. दोन्ही बेअरिंगचा सारखाच. मी शहाण्यासारखी मान हलवली आणि परत दिला. अकरा वर्षांची नोकरी आहे माझी, आणि माझी बहीण तीन महिन्यांत जे ऐकायला शिकली ते मला ऐकू येत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी घरातली अवजारं पूजेला निघाली. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. शीतलनं आपल्या कानशी मांडल्या. बाबा दरवर्षी फळीवरचा जॉबही काढून तेलाच्या बोटानं पुसायचे, म्हणून तो आजवर गंजला नव्हता. यंदा तो पुसायला शीतलनं घेतला. तिनं जोडी उजेडासमोर धरली, मग जीभ बाहेर काढली आणि बोट फिरवत राहिली.

"दादा, तू डावखुरा होता का गा?"

"नाही. काहून?"

"मंग ह्या रेघा उलट्या कायच्या?"

बाबांनी विळ्यावरून नजर उचलली. दुसरं कोणी असतं तर मी काहीही ठोकून दिलं असतं, आणि ते खपलंही असतं. पण ही हेमराजच्या हाताखालची पोरगी होती. माझ्या तोंडून एकदम गावची बोली निघाली, जी चाकणमध्ये मी कोणाला ऐकू देत नाही.

"थो जॉब माहा नाही. हेमराजचा हाय."

मग पुढचंही सांगितलं. साहेब, खिडकी, माझं ते एक वाक्य. मायनं हातातली हळदीची वाटी खाली ठेवली. बाबांनी शीतलच्या हातून जॉब घेतला आणि त्या रेघांवर स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. माझ्यावर ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. ते इतकंच बोलले, "अन थो एवढे साल ह्याच फळीखाली बसून चा पिऊन गेला." मग म्हणाले, "जा, त्याले बोलावून आण. मी पूजा थांबवतो."

चार घरं सोडून त्याचं घर. तेवढ्या वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवलं. तो अंगणात गाडी धूत होता. मी म्हणालो, "घरी सांगितलं मी. जॉबचं. तुया हातचा हाय म्हनून."

त्याला काही कळेना.

"आत्ता सांगितलं?" तो म्हणाला. "मले वाटे तू तवाच सांगितलं असशीन. माह्यापुढं त थ्या जॉबचं नाव कोणी कधी काढलं नाही. बाबा एवढा जीव लावते मले, माय जेवू घालते, मी म्हनो, देवानं सांगितलं म्हनूनच."

त्यानं नळ बंद केला, हात पुसले, आणि माझ्यासोबत चालत आला. बाबांनी जॉब त्याच्या हातात दिला आणि त्याच्याच हातानं पूजेत ठेवायला लावला. शीतलला सोबत न्यायचं नाव मी काढलं नाही. मी परत निघालो तेव्हा जॉब पुन्हा फळीवर होता. आता बाबा आल्यागेल्याला तो कोणाच्या हातचा म्हणून दाखवतात, ते मी फोनवर विचारत नाही.

तुमच्यापैकी कोणी विचारतं, गावाची आठवण येते का? येते, पण ती आता शेताची किंवा तळ्याची नसते. मी जळत होतो ती अकरा वर्षं माझ्यासारखाच एक देवा हेमराजच्या मनात राहत होता. त्या देवानं गाव सोडायच्या आधी घरी सगळं खरं सांगितलं होतं. मित्राला आपल्या मायच्या ताटात जेवू घालून तो निर्धास्त गाडीत बसला होता. मला आठवतं ते घर म्हणजे तो देवा जिथं राहत होता ते ठिकाण, हेमराजचं मन. मी खरं सांगायला हेमराजच्या अंगणात गेलो आणि त्या देवाला तिथून बाहेर काढून आलो. हल्ली मी हेमराजवर जळत नाही. त्या देवावर जळतो.