दगड वितळवणारे मास्तर

दगडमास्तरांच्या खिशात कायम इतके दगड असायचे, की कृष्णेच्या पुरात अख्खी सांगली वाहून गेली असती, तरी मास्तर जागच्या जागी उभे राहिले असते. भूशास्त्राचे प्राध्यापक, गाव कुंडल. कुणाच्याही घरी गेले की चहा नंतर, आधी पाटा बघायचे. आमच्या कडेगावच्या घरी आले तेव्हा पाट्यावर बोट फिरवत आईला म्हणाले, "वहिनी, साडेसहा कोटी वर्षांचा हाय."

"न्हाई वो," आई म्हणाली, "सासूबाईंनी बाजारातनं आणलाय."

आमच्याकडे डोंगर, विहीर, देऊळ, सगळं एकाच काळ्या बेसाल्टचं. त्यामुळे काळपट दगड दिसला की बेसाल्ट म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय रक्तातच. साताऱ्याला ज्वालामुखींवर संशोधनाची एकच जागा निघाली. मुलाखतीआधी मास्तरांनी माझ्या हातात एक दगड ठेवला. मी झोकात म्हणालो, "बेसाल्ट."

"गड्या, तिथं हे बोललास तर थेट उसाला पाणी पाजायला जाशील. अँडेसाइट हाय हा. एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडतो, तिथल्या ज्वालामुखीतला."

"पण सर, समुद्रातला गार पट्ट खाली गेल्यावर आग विझायला पाहिजे. खडक वितळतो कसा?"

मास्तरांनी मला तडक आपल्या स्वयंपाकघरात नेलं. मंद आचेवर कढईत गुळाचा खडा ठेवला. तो ढिम्म हलेना. चमचाभर पाणी टाकल्यावर मात्र पाघळला.

"आच तेवढीच हाय," मास्तर म्हणाले. "बुडणारा पट्ट पाणी घेऊन जातो. ते वरच्या तापलेल्या खडकात शिरलं, की तो कमी आचेवर वितळतो."

"आवं, त्यो पोळ्यांचा गूळ हाय," काकू दारातून म्हणाल्या.

मुलाखतीत मी तोच गूळ असा काही वितळवला, की परीक्षकांच्या तोंडाला पाणी सुटलं. जागा मिळाली. कंदी पेढे घेऊन धावत मास्तरांकडे गेलो. पेढा हातात धरून त्यांनी विचारलं, "वितळलेला रस बेसाल्टचाच की रं. त्याचा अँडेसाइट कसा झाला, ते सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही, सर."

"मग मी विचारतोय."

रस निवताना लोह-मॅग्नेशियमचे जड स्फटिक आधी जमून खाली बसतात, उरलेल्या रसात सिलिका वाढत जाते, हे मला धड सांगता येईपर्यंत ऊन कललं. तोवर मास्तरांनी पेढा तोंडात टाकला नाही. मी मनातल्या मनात सात पिढ्यांना पुरतील इतक्या शिव्या दिल्या.

मास्तर जाऊन तीन वर्षं झाली. आता माझे विद्यार्थी अचूक उत्तर देतात, तरी मी एक प्रश्न जास्तच विचारतो. माझ्या त्या शिव्या मास्तरांपर्यंत पोचल्या असतील, तर हा नमस्कारही पोचावा.