उलट्या धारेचा चाकू

चार माणसं रोज एकाच लिंबाखाली बसून डबा खाऊ लागली, की किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. शिवाय रिटायर होताना सरकार ते परत मागत नाही! आमच्या रोपवाटिकेतले चाकूचे किस्से मी इतकी वर्षं सांगत आलोय. लोक हसतात, मीही हसतो. पण सांगताना दरवेळी दोन-चार वाक्यं हुशारीने गाळतो, कारण त्या वाक्यांत मी असतो. आज गाळणार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीमकडच्या मालेगावजवळ संत्र्याच्या कलमांची सरकारी रोपवाटिका होती. सगळ्यांच्या वर मोठे साहेब. खाली दहा माळी, त्यांचे म्होरके दगडूबुवा. आणि मधे मी, कॉलेजातून नुकताच निघालेला, म्हणून छोटे साहेब. काम एकच. काडीवरचा संत्र्याचा डोळा सालीसकट अलगद काढायचा, जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीत खाच करून सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. सगळी मदार चाकूवर. चाकू छोटा, मिटणारा, खिशात मावणारा.

या चाकूवरून आमच्यात दोन पार्ट्या होत्या. दहाही माळ्यांकडे केनवडच्या किसन मिस्त्रीने हाताने घडवलेले चाकू. जुन्या कानशीचं पोलाद, शिंगाची मूठ, एकासारखा दुसरा नाही. दुसऱ्या पार्टीत मी एकटा. माझा चाकू जर्मन!

एकदा मोठ्या साहेबांनी डबा खाता खाता विचारलं, "दगडूबुवा, चांगला चाकू कोणता, सांगा बरं."

मी लगेच पोलादाची जात, कारखान्याची मशिनं, सगळं लेक्चर दिलं. दगडूबुवांनी भाकरीचा तुकडा संपवला, पाणी प्याले आणि म्हणाले, "जो हरवला का दोन दिवस जेवन जात नाही, तो चांगला."

मोठे साहेब खूप हसले. मीही हसलो, पण मनात म्हटलं, अडाणी माणूस!

*

तो जर्मन चाकू मी वाशीमला शेठजींच्या दुकानातून घेतला. शेठजी जैन. दुकानात खिळ्यापासून कंदिलापर्यंत सगळं मिळायचं. काचेच्या कपाटात मखमलीच्या डबीत तो चाकू होता. मी तीन वेळा नुसता बघून आलो होतो. पगार झाल्यावर धावत गेलो, तर नेमके पर्युषणाचे दिवस!

"आठ दिवसानं या," शेठजी म्हणाले. "या दिवसात मी चाकूले हात लावत नाही."

मी म्हटलं, "शेठजी, हा काही कापाकापीचा चाकू नाही. झाडाचा डोळा काढायचा, बस."

शेठजींनी चष्मा वर केला. "कोनाचा डोळा काढता म्हनले?"

दुकानातली गिऱ्हाइकं फिस्सकन हसली. मी तोंड पाडून बसस्टँडवर आलो आणि आठ दिवसांनी पुन्हा गेलो. तेव्हा शेठजींनी चाकू स्वतः पुसून दिला आणि हळूच म्हणाले, "केनवडचा मिस्त्री याच्याहून झकास बनवते सायेब. पन मी दुकानदार हाय, मी कायले सांगू?"

सांगितलंच होतं त्यांनी. मी ऐकलं नाही.

*

चाकू रोपवाटिकेत आला तेव्हा मी तो सगळ्यांसमोर लिंबाखाली ठेवला. दगडूबुवांनी उचलला, उलटसुलट पाहिला आणि उघडायला गेले. उघडेना! पात्यावर नखाएवढी एक बारीक खाच होती. तिच्यात नख घालून पातं ओढायचं. दगडूबुवांचं नख घसरत होतं. दुसऱ्या माळ्याने घेतला, तिसऱ्याने घेतला. तोवर चाकू घामाने ओला झाला, पण काही उघडला नाही.

मी ऐटीत म्हटलं, "काय हे! साधा चाकू उघडता येत नाही?"

दगडूबुवांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांची टोकं मातीने आणि सालींनी झिजून गुळगुळीत झालेली.

"याले नख पायजे सायेब," ते म्हणाले. "माळ्याले नख कोठून आनू?"

त्यांनी कमरेचा मिस्त्रीचा चाकू काढला. त्याच्या पात्याच्या पाठीवर एक उंचवटा होता. अंगठ्याने नुसता ढकलला की खट्कन उघडायचा. मिस्त्रीने दहाही चाकू असेच केले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की हा माणूस चाकू घडवण्याआधी हात बघतो. मी काय केलं? माझी लांब नखं लपवायला हात खिशात घातले.

*

आता गाळलेल्या वाक्यांपैकी पहिलं. मी डावखुरा आहे.

लहानपणी वडिलांनी माझा डावा हात सदऱ्याच्या आत बांधून मला उजव्या हाताने लिहायला आणि जेवायला शिकवलं. त्यामुळे चारचौघांत कुणाला कळायचं नाही. पण बारीक काम आलं की हात आपोआप बदलायचा. आमच्याकडे डावखुऱ्याला डेबऱ्या म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. त्यातून रोपवाटिकेत पहिल्याच आठवड्यात एक माळी सहज म्हणाला, "डेबऱ्यानं भरलेला डोळा जीव धरत नाही. आमी डेबऱ्याले वाफ्यात येऊ देत नाही." झालं! माझी नोकरी कच्ची, साहेबांचा शेरा अजून यायचा होता. मी वाफ्यात बसलो की उजव्याच हाताने काम करायचो.

हिवाळ्यात डोळे भरले. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. माळ्यांच्या वाफ्यांत डोळे हिरवेगार. माझ्या वाफ्यात निम्म्याहून जास्त काळे पडलेले.

दगडूबुवांनी वाफा पाहिला. ते काही टाकून बोलले नाहीत. "चाकू हाताचा नाही तुमच्या," एवढंच म्हणाले. "मिस्त्रीकडं जा."

*

केनवडला मिस्त्रीचं दुकान म्हणजे बाजाराच्या कडेला एक छप्पर, भाता आणि ऐरण. मिस्त्री साठीचा, बारीक अंगाचा, डोक्याला फडका. मी म्हटलं, "माप घ्या." त्याने टेप काढली नाही, काही नाही. एक बाभळीची ओली काडी आणि जुना चाकू माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "सोला."

"अहो, मला चाकू करून हवाय!"

"तेच करून राह्यलो ना मी. सोला तुमी."

मी वैतागून सोलायला लागलो. तो भाता मारत होता, माझ्याकडे पाहतही नव्हता. काडी ओली होती, साल लांब लांब निघत होती, मजा यायला लागली. काडी संपल्यावर पाहिलं, तर चाकू माझ्या डाव्या हातात!

मी घाईने तो खाली ठेवला. मिस्त्रीने काडी उचलली, सालीवरून अंगठा फिरवला. "हात गोड हाय," म्हणाला. "पंधरा दिवसानं मीच घेऊन येतो."

*

तो आला तेव्हा डब्याची वेळ होती. लिंबाखाली मोठे साहेब, दहा माळी, मी. मिस्त्री केनवडहून सायकलने आला होता. त्याने फडक्यातून चाकू काढला. काय चाकू होता! काळ्या शिंगाची मूठ, पितळेच्या तीन बारीक कड्या. मोठे साहेबसुद्धा "अरे वा!" म्हणाले. त्यांच्या मनात होतं, की चांगला निघाला तर जिल्ह्यातल्या सगळ्याच रोपवाटिकांना मिस्त्रीची शिफारस करायची. तसं त्यांनी त्याला बोलूनही दाखवलं. म्हातारा लाजला.

"चालवून दाखवा छोटे साहेब," मोठे साहेब म्हणाले.

बारा माणसं बघत होती. मी काडी घेतली, चाकू उजव्या हातात धरला आणि डोळ्याखाली पातं घातलं. पातं सरळ जाण्याऐवजी आत लाकडात घुसलं. डोळ्याचे दोन तुकडे! पुन्हा केलं, पुन्हा तेच.

कलमाच्या चाकूला एकाच अंगाने धार असते, दुसरं अंग सपाट. सपाट अंग काडीला टेकलं तरच डोळा सरळ सुटतो. उजव्या हाताला एक अंग, डाव्याला दुसरं. या चाकूची धार नेमकी दुसऱ्या अंगाला होती.

"मिस्त्री!" मी ओरडलो. "धार उलटी काढलीत तुम्ही! म्हणून म्हणतो, कारखान्याचं ते कारखान्याचं!"

सगळे हसले. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या उजव्या हाताकडे, मग मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताकडे. तेव्हा मला कळलं. त्याने चाकू चुकीचा केलाच नव्हता. माझ्यासाठीच केला होता.

एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. त्यालाही एक शब्द पुरे होता. त्याने तोंड उघडलं, दहा माळ्यांकडे पाहिलं, मोठ्या साहेबांकडे पाहिलं आणि मिटलं.

"चुकलं सायेब," तो म्हणाला. "वय झालं आता."

चाकू फडक्यात गुंडाळून तो सायकलवर बसला. लाज वाटली का? वाटली. पण डबा मी पूर्ण खाल्ला, हेही सांगितलं पाहिजे.

*

शिफारस बारगळली. उलट मोठ्या साहेबांनी सगळ्या माळ्यांसाठी कारखान्याचे दहा चाकू मागवले, मिस्त्रीचे चाकू वाफ्यात बंद. दहाही चाकू एकसारखे! पहिल्याच दिवशी भांडणं. "हा माहा!" "काहून तुहा? माहा हाय!" शेवटी दगडूबुवांनी दहा रंगांचे दोरे बांधले.

"मिस्त्रीचा चाकू आमी डोये मिटून वळखत होतो," ते म्हणाले. "याह्यले डोये फाडून पाह्यलं तरी वळखू येत नाही!"

पण त्या वर्षी डोळे उत्तम लागले. कारण मला माहीत होतं. मोठ्या साहेबांची जीप फाटकाबाहेर गेली की कारखान्याचे चाकू पेटीत जायचे आणि फेट्यांतून मिस्त्रीचे चाकू निघायचे. मी बघायचो आणि बघितलं नाही असं करायचो.

वर्षअखेरीस रिपोर्ट गेला. कारखान्याच्या चाकूंमुळे कलमांत लक्षणीय सुधारणा झाली, असं त्यात होतं. मोठ्या साहेबांनी शाबासकी दिली. रिपोर्ट मी लिहिला होता. उजव्या हाताने!

*

मिस्त्रीचं काय झालं ते मला उशिरा कळलं. रोपवाटिकेतली गोष्ट बाजारात पोचली होती. लोक त्याला "उलट्या मिस्त्री" म्हणायला लागले होते. विळ्याला धार लावायला आलेला माणूसही म्हणायचा, "सुलटी लावजो बरं मिस्त्री!" नवीन चाकू कुणी सांगेना.

तोवर माझी नोकरी पक्की झाली होती. मनाशी ठरवलं, भर बाजारात जाऊन सांगायचं. बाजाराच्या दिवशी एसटीने केनवडला गेलो. मिस्त्रीच्या छपरापुढे पंधरा-वीस माणसं होती. मी रस्ताभर वाक्य घोकलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "मिस्त्री, माझा चाकू न्यायला आलोय."

माणसं वळून बघू लागली. मिस्त्रीने पेटीतून चाकू काढला. तेल लावून ठेवला होता. मी रीतीप्रमाणे उजवा हात पुढे केला. त्याने चाकू मागे घेतला.

"त्या हाताचा नाही तो," तो हळूच म्हणाला.

मी डावा हात पुढे केला. चाकू हातात आला. अंगठ्याने ढकलला, खट्कन उघडला. समोरची एक काडी उचलली आणि सगळ्यांदेखत डोळा काढला. एका घावात, सरळ, नखाएवढा! आयुष्यात इतका सुंदर डोळा मी काढला नव्हता.

"अरे!" मागून कुणीतरी ओरडलं. "सायेब तं डेबऱ्या हाय!"

सगळा बाजार हसला. आता बोलायचं होतं. चाकू बरोबर होता, खोटा मी होतो, एवढंच. मी तोंड उघडलं.

"चूप रे!" मिस्त्री त्या माणसावर खेकसला. "डेबऱ्या कायचे? सायेबाच्या उजव्या हाताले लागलं हाय. दिसत नाही का?"

त्याने डोक्याचा फडका काढला, टर्रकन फाडला आणि माझा धडधाकट उजवा हात जवळ ओढून त्याला पट्टी बांधू लागला. पक्की, व्यवस्थित, गाठ आतल्या बाजूला. बांधताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

मी बांधू दिली.

एसटीत ती सोडायची म्हणून दोनदा गाठीला हात लावला. मालेगावच्या स्टँडवर उतरलो, तर समोर दगडूबुवा.

"काय झालं सायेब हाताले?"

"लागलं," मी म्हणालो.