डलूथच्या घराची मालकीण

प्रतिमाला एका जागी बसवत नसे. अमेरिकेत ईडन प्रेरीतल्या ऑफिसात मीटिंग चालू असली की टेबलाखाली तिचा पाय हलत राहायचा. घरी चहासुद्धा ती उभ्यानेच घ्यायची. दूर उत्तरेकडच्या, बर्फाळ डलूथचं घर घेतल्यापासून तर तिच्या जिवाला स्वस्थता अशी नव्हतीच.

घराची टूम तिच्या नवऱ्याची, अवधूतची. त्याच्या मित्रांमध्ये तेच वारं होतं. लांबच्या गावात जुनं घर घ्यायचं आणि सरकारी मदत मिळणाऱ्या भाडेकरूला द्यायचं. भाड्याचा मोठा वाटा सरकारच भरतं, बाकी सगळं मॅनेजर बघतो. "काही टेन्शनच नाही यार," अवधूत म्हणाला होता. दोघांनी घर पाहिलं ते फोटोत. भाडेकरू आधीपासूनच राहत होती, डोरीन नावाची, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई.

जानेवारीत मॅनेजरचा फोन आला. हीटिंग चालत नाही म्हणून सरकारी इन्स्पेक्शनमध्ये घर नापास झालं होतं. दुरुस्ती होईपर्यंत सरकारकडचं भाडं बंद.

"पण घाई करू नका," तो म्हणाला. "थंडीला कंटाळून ती आपणहून जाईल. मग घर नवं करून जास्त भाड्याने देऊ."

प्रतिमाने फोन ठेवून दिला. ती लहान असताना नागपुरात त्यांचा घरमालक त्यांना हुसकावण्यासाठी नळ बंद करून ठेवायचा. आई शेजारून बादल्या भरून आणायची आणि मालकाच्या गॅलरीकडे बघायचीसुद्धा नाही.

तिने डलूथचा एक दुरुस्तीवाला शोधला, त्याला डोरीनकडे पाठवायचं ठरवलं आणि गाडीची किल्ली उचलली.

"आता तो जातोय ना? तू कशाला, एवढ्या बर्फात?" अवधूतने विचारलं.

"इथे बसून तरी काय करू?"

डोरीनने दार उघडलं ते अंगात जाड कोट घालूनच. आत स्वयंपाकघरात ओव्हनचं दार सताड उघडं होतं, समोर तिची खुर्ची.

"मी प्रतिमा. हे घर... माझं आहे."

डोरीन बघतच राहिली. "मला वाटलं होतं, मालक म्हणजे एखादी कंपनी असेल. कंपनीला शिव्या घालायला बरं पडतं."

"तुम्ही कळवलं का नाही?"

"थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी, नोव्हेंबरपासून कळवतेय. तुमच्या त्या माणसाला."

दुरुस्तीवाला तळघरात खटपट करत होता, तोवर प्रतिमा या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. खिडक्यांच्या फटींना टेप लाव, गळणारा नळ आवळून बघ, असं चाललेलं.

"बसा हो जरा," डोरीन म्हणाली. "तुमच्या येरझारा बघून मलाच धाप लागतेय."

संध्याकाळी हीटिंग सुरू झालं, जाळीतून गरम वारा आला. डोरीनने कोट काढला, पण घडी करून मांडीवरच ठेवला. निघताना प्रतिमाने गाडीतूनच मॅनेजरला फोन केला आणि त्याला कामावरून काढलं.

घर पास झालं. आता सगळं मार्गी लागलं, असं प्रतिमा धरून चालली होती. मार्चमध्ये डोरीनचा फोन आला: ती बहिणीच्या गावी निघाली होती. तिला मिळणारी सरकारी मदतही तिच्याबरोबर तिकडे जाणार होती.

"पण आता तर सगळं नीट झालंय!"

"झालंय. तरी हीटिंगचा तो आवाज बंद पडेल की काय, म्हणून मी कान देऊन पडलेली असते. अशी झोप काय कामाची?" मग थांबून ती म्हणाली, "तुम्ही आलात, हे चांगलं केलंत. उशिरा आलात, एवढंच."

"मला माफ करा," प्रतिमा म्हणाली. पलीकडून "बरं" एवढंच आलं.

अवधूत म्हणाला, विकून टाकू. गिऱ्हाईकही होतं, अशी कितीतरी घरं घेऊन ठेवलेलं. प्रतिमाने नाही म्हटलं. तिने स्वतः जाऊन भाडेकरू शोधली. तिलाही भाड्यासाठी सरकारी मदत मिळत होती. पदरात दोन मुलं. तिला प्रतिमाने स्वतःचा नंबर दिला. आता डलूथला बर्फ पडणार असं ऐकलं की प्रतिमा फोनकडे बघत राहते. फोन आला की धस्स होतं. नाही आला, तर ती स्वतःच लावते.