सुमनताईंचं प्रशिक्षण

आमच्या पतसंस्थेतून फेडरेशनच्या प्रशिक्षणाला नेहमी पुरुषच जायचे. तिथे मुक्काम करावा लागतो, म्हणून सुमनताईंना कुणी कधी विचारलंच नाही. यंदा दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून त्या माझ्यासोबत आल्या. पहिल्या रांगेत बसून त्यांनी इतके प्रश्न विचारले, की शिकवणारे सर खूश होऊन म्हणाले, "ताई, पुढच्या वर्गालाही नक्की या."

"तोवर मी निवृत्त झालेली असेन, सर," त्या हसून म्हणाल्या.

परतीच्या एसटीत त्या वहीतली टिपणं पुन्हा वाचत होत्या. शिकायची एवढी ओढ इतकी वर्षं त्यांनी कुठे दडवून ठेवली असेल, या विचाराने मला हळहळ वाटत राहिली. प्रशिक्षणार्थीचा बिल्ला अजून त्यांच्या पदरावर होता.

"ताई, बिल्ला काढायचा राहिला."

"असू दे. घरी बघू देत सगळे."