मोटारसायकलमागची घोडी

अरबी शिंगराला पळायची सवय लागावी म्हणून मी ते मोटारसायकलला दोरीनं बांधून पळवलं. रोज सकाळी, तीन वर्षं.

परवा पाटसजवळ पंपावर पेट्रोलचा वास आला आणि त्या घोडीवर पहिल्यांदा बसलो तो दिवस आठवला. काहीतरी वाटेल म्हणून जरा थांबलो. काही वाटलं नाही.

ती जन्मली तेव्हा ओली, थरथरती, माझ्याच मांडीवर पडली होती. त्या दिवशी पहिल्यांदा खोगीर चढवलं तेव्हाही शहाण्यासारखी उभी राहिली. आयुष्य घोड्यांत गेलेले आमचे जुने गडी आप्पा म्हणाले, “आज रानातच फिरवा. रस्त्याला न्हेऊ नका.”

पण गावानं बघायला नको? मी नेली रस्त्याला.

दूधवाल्याची मोटारसायकल शेजारून गेली. घोडीनं कान टवकारले आणि निघाली तिच्या मागं. लगाम ओढून माझे तळहात सोलले, पण ती खुशीत होती. वळणावर डांबरावरून पाय घसरले. मी उसात पडलो, ती दोन्ही गुडघ्यांवर.

डॉक्टर म्हणाले, जगेल, पण हिच्यावर पुन्हा कुणी बसायचं नाही.

तेव्हा मी दूधवाल्याला शिव्या घातल्या. आता कळतं, मी शिकवलेलंच तिनं केलं होतं. ती माझा सोललेला हात चाटत होती आणि मी बधिरासारखा तिच्या गुडघ्यांकडं बघत होतो.

आप्पांनी खोगीर उतरवून खांद्यावर टाकलं.

“मालक, तुम्ही आपली म्हैस पाळा. तिला काय शिकवावं लागत न्हाई.”