उत्तेजनार्थ

“तिला उत्तेजनार्थ देऊन टाका हो. इंग्रजी शाळेतली असून किती गोड बोलते!”

आमच्या वाचनालयाच्या कथाकथन स्पर्धेचे परीक्षक, शेजारच्या परीक्षक बाईंना सांगत होते. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटत असावं. मी त्यांच्या मागच्याच खुर्चीत, गोष्ट सांगून नुकतीच येऊन बसले होते.

पहिल्या तीन नंबरांवरून दोघं चांगलेच भांडले. कुणाचा शेवट फसला, कुणी घाई केली, सगळं निघालं. माझ्या गोष्टीवरून कुणीच भांडलं नाही. गोड म्हटलं की विषय मिटतो.

उत्तेजनार्थ बक्षिसाचा खरा उपयोग देणाऱ्याला होतो. त्याचं ‘नाही’ म्हणणं वाचतं. जो सरळ हरतो तो निदान चप्पल घालून घरी जाऊ शकतो, जेवताना चिडचिड करू शकतो. उत्तेजनार्थवाल्याला मात्र थांबावं लागतं, फोटोसाठी हसावं लागतं. आपल्या घरी सांत्वनाला आलेल्यांना आपणच उठून चहा करावा, तसं. आणि वर, चहा छान झालाय, हेही ऐकून घ्यायचं.

शेवटी माझं नाव पुकारलं. परीक्षक काकांनी स्टीलचा डबा पुढे केला. “शाब्बास बेटा, असंच चालू ठेव.”

एरवी मी थँक्यू म्हणून खाली उतरते. आज तिथेच थांबले.

“काका, माझं कुठे चुकलं ते सांगा ना,” मी म्हणाले. “तेवढं मराठी कळतं मला.”