आमच्या दोघींच्या रेघा

उंदराच्या मेंदूचा केसाहून पातळ काप, सूक्ष्मदर्शकातून घेतलेला त्याचा फोटो आणि त्यात फांद्या पसरून बसलेली एक चेतापेशी. त्या फांद्यांवरून कॉम्प्युटर आधी स्वतःच रेघ ओढतो. अंधूक जागी रेघ सोडून देतो, आणि दोन पेशींच्या फांद्या नुसत्या एकमेकींना लागल्या तरी जोडून मोकळा होतो. ते निस्तरायचं काम गोंदियातल्या एका दुमजली इमारतीत आम्ही करायचो.

एकच पेशी दोघींकडे यायची. दोघींनी ती वेगवेगळी दुरुस्त करायची, एकमेकींच्या पडद्यात डोकावायचं नाही. रेघा जुळल्या तर काम मंजूर. नाही जुळल्या तर तपासनीस एकीची रेघ बरोबर म्हणून उचलणार आणि दुसरीच्या नावापुढे लाल खूण. माझी जोडीदारीण दवनीवाड्याहून रोज बसने यायची. सासरच्यांनी नोकरीला होकार दिला होता तो पहिल्या तक्रारीपर्यंतच. सुरुवातीलाच माझी रेघ उचलली गेली आणि तिला लाल खूण मिळाली. शेजारी बसायचं, एका डब्यातलं खायचं आणि एकमेकींना खाली पाडायचं, ही कसली रीत? मला भयंकर संताप आला.

मग जेवतानाच आम्ही सगळं ठरवून घेऊ लागलो.

"ते खालची फांदी कुठं जाऊन राहिली व?" ती विचारायची.

"डावीकडं वाटते मले."

"नाही व. ते तं दुसरीची हाय. तिथं नुसती लागून राहिली."

बहुतेक वेळा मी तिचंच धरायचे, कारण तिची नजर माझ्याहून चांगली होती. लाल खुणा बंद झाल्या. आमचा जीव भांड्यात पडला.

एक दिवस मॅनेजरने दोघींना बोलावलं. खुशीत होता. "तुम दोनों का तो हर बार मैच होता है. फिर एक ही काम दो लोगों से क्यों करवाना?"

गुण्यागोविंदाने वागल्याचं हे बक्षीस. दोघींत चांगली कोण, हे कामावरून त्याला सांगताच येईना, म्हणून त्याने घरं बघितली. मी शहराला लागूनच असलेल्या फुलचूरची, सायकलवर येणारी, कधी उशीर नाही. मी राहिले, तिची नोकरी गेली. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर तिनेच माझा हात दाबला. सांगितलं असतं तर दोघीही गेलो असतो, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

बसस्टँडपर्यंत मी तिच्यासोबत गेले. ती रडली नाही. पायरीवर चढताना म्हणाली, "दोघी भांडत राहिलो असतो न व, तं दोघीही टिकलो असतो."

आता पेशी फक्त माझ्याकडे येते. चुकीची रेघ ओढली तरी मंजूर होते.